कोण आलं, कोण राहिलं: शीटमध्ये दोन याद्या जुळवायच्या कशा

वार्षिक सभेच्या आदल्या रात्री आमच्या गावच्या पतसंस्थेत एक दृश्य ठरलेलं असायचं. सेक्रेटरी मोठ्याने नाव वाचणार, क्लार्क दुसऱ्या कागदावर ते शोधणार, सापडलं की लाल पेनाने टिक. दीडशेव्या नावापर्यंत दोघांचेही डोळे चुरचुरायला लागायचे. मग चहा, आणि चहानंतर "आपण कुठवर आलो होतो?" यावर दहा मिनिटं वाद. शीटमध्ये हेच काम एका ओळीच्या सूत्राने होतं. पण त्या सूत्राआधी आणि सूत्रानंतर काय करायचं हे ठाऊक नसेल, तर लाल पेनच बरा होता म्हणायची पाळी येते.

हा लेख ज्यांनी शीटमध्ये बेरजेपलीकडे फारसं काही केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली सोसायटी, दूध संघ, वाचनालय किंवा महिला संघ, कुणाचंही काम असो, रीत एकच. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रे ऑफिस या तिन्हींत ती चालते. फरक पडतो तिथे मी सांगेन.

एक गोष्ट आधीच. सूत्रांची नावं, रकान्यांची अक्षरं आणि आकडे मी इथे आपल्या लिपीत लिहिले आहेत. शीटमध्ये ते सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायचं. काउंटइफ म्हणजे सी ओ यू एन टी आय एफ, सलग, मध्ये जागा न सोडता. सुरुवातीची दोन-तीन अक्षरं टाकली की शीट स्वतःच पूर्ण नाव सुचवते, तेव्हा स्पेलिंगची भीती नको.

मांडणी

समजा, संस्थेचे ११४० सभासद आहेत आणि केवायसीचे कागद दिलेल्यांच्या यादीत ८७० ओळी आहेत. प्रश्न दोन: कागद कुणी दिले आणि कुणाचे राहिले.

दोन्ही याद्या एकाच शीटमध्ये शेजारी-शेजारी चिकटवा. सभासदांची यादी ए, बी, सी या रकान्यांत: क्रमांक, नाव, गल्ली. केवायसीची यादी एफ, जी, एच मध्ये: क्रमांक, नाव, फोन. डी सूत्रासाठी मोकळा, ई नुसती फट म्हणून मोकळा. पहिली ओळ शीर्षकाची, माहिती दुसऱ्या ओळीपासून. म्हणजे सभासद ११४१ व्या ओळीपर्यंत आणि केवायसी ८७१ व्या ओळीपर्यंत. मूळ फाइलवर कधी काम करू नका. आधी नक्कल काढा आणि तिच्या नावात तारीख घाला.

आपल्याकडे नावाने जुळवणी का फसते

पहिल्यांदा हे काम करणारा प्रत्येक जण नावांवर नाव जुळवायला जातो. मीही गेलो. सीमाभागात ते का चालत नाही हे समजून घेतलं तर पुढचे चार तास वाचतात.

आपल्याकडे एका माणसाची निदान तीन नावं असतात. संस्थेच्या रजिस्टरात मराठीत, बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत, सरकारी यादीत कन्नडमध्ये. रजिस्टरातला यल्लाप्पा कन्नड यादीतून परत मराठीत उतरवला की यल्लप्पा होतो, इंग्रजीतून उतरवला तर कधी येल्लाप्पा. चौगुले इंग्रजीत लिहिताना कुणी सी एच ओ यू ने सुरुवात करतो, कुणी सी एच ए यू ने, आणि एकाच घरातले दोन भाऊ दोन तऱ्हेने लिहितात. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत, मराठीत नाहीत. इंग्रजीत ळ नाही. त्यामुळे लिपी बदलली की नाव थोडं तरी घासतंच. त्यात आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, ही भानगड वेगळीच.

गावांचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्यानंतरच्या कागदांवर बेळगावी, सभासदाने स्वतः लिहिलेल्या अर्जात बेळगाव, जुन्या टंकलेखनात गाववर अनुस्वार. वाचणाऱ्याला तिन्ही एकच. यंत्राला मात्र ती तीन वेगळी गावं. येळ्ळूर, यळ्ळूर, येल्लूर यांचीही तीच गत.

आमचा क्लार्क पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला होता, "नावं तर सेम हैत की हो!" सेम होती ती त्याच्या कानाला. शीट कानाने ऐकत नाही.

म्हणून जुळवणी क्रमांकावर करायची. सभासद क्रमांक असेल तर उत्तम. नसेल तर मतदार ओळखपत्राचा क्रमांक, ज्यात तीन अक्षरं आणि सात आकडे असतात. तोही नसेल तर फोन. तिन्ही लिप्यांत क्रमांक तोच राहतो. कुठलाच क्रमांक नसेल तर काय, ते पुढे येईल.

एका ओळीचं सूत्र

डी२ या घरात हे टाका:

=काउंटइफ($एफ$२:$एफ$८७१,ए२)

अर्थ सरळ आहे: ए२ मधला क्रमांक एफ रकान्याच्या या पट्ट्यात किती वेळा आलाय ते मोज. उत्तर १ आलं तर कागद आलेत. ० आलं तर राहिलेत. २ किंवा ३ आलं तर त्या सभासदाची नोंद पुन्हा झालीय. हे सूत्र मला सगळ्यात आवडतं ते त्यासाठीच. हो-नाही सांगणारी इतर सूत्रं दुबार नोंद लपवतात, हे दाखवून देतं.

आता डी२ च्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या बारक्या चौकोनावर दोनदा क्लिक करा. सूत्र खाली शेवटपर्यंत उतरतं.

त्या डॉलरच्या खुणांकडे मात्र नीट बघा. सूत्र खाली उतरतं तेव्हा त्यातले पत्तेही एकेक घर खाली सरकतात. ए२ चं ए३ व्हायलाच हवं. पण शोधायचा पट्टा सरकता कामा नये, म्हणून त्याला डॉलरने खिळा मारायचा. टाइप करताना पट्ट्यावर कर्सर ठेवून एफ४ ची कळ दाबली की डॉलर आपोआप लागतात.

पहिल्या वर्षी मी हे डॉलर विसरलो. वरच्या ओळींत उत्तरं बरोबर येत होती, म्हणून खाली तपासलंच नाही. पाचशेव्या ओळीपर्यंत पट्टा एफ५०० पासून सुरू व्हायला लागला होता, म्हणजे केवायसी यादीतली पहिली ४९८ माणसं त्या सभासदांपुरती गायबच झाली. मी "कागद न दिलेले" अशी यादी छापून फलकावर लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तात्या पावती घेऊनच हजर. "मी गा पहिल्या दिवशी कागद दिलोय, आणि माझंच नाव बोर्डावर?" पहिल्या दिवशी दिले होते म्हणूनच ते यादीत वर होते, आणि वर होते म्हणूनच माझ्या सूत्राने त्यांना गिळलं. पावती त्यांच्या हातात होती आणि डॉलर माझ्या सूत्रात नव्हता. बोलायला जागाच नव्हती. फलकावरची यादी मी त्यांच्यासमोरच उतरवली.

तेव्हापासून नेम केला: सूत्र उतरवल्यावर सगळ्यात शेवटच्या घरावर क्लिक करून पट्टा जागेवर आहे का ते बघायचं. पाच सेकंदांचं काम आहे.

हिशोब लागतोय का

आता उलट बाजूनेही विचारा. आय२ मध्ये:

=काउंटइफ($ए$२:$ए$११४१,एफ२)

हे केवायसी यादीतला क्रमांक रजिस्टरात आहे का ते सांगतं. इथे ० आलं तर क्रमांक चुकीचा टाकलाय किंवा तो माणूस सभासदच नाही.

मग बेरीज-वजाबाकी. समजा, डी रकान्यात शून्याहून मोठी उत्तरं ८५१ आली. केवायसीच्या ओळी ८७०. फरक १९. या एकोणीस ओळींचा पत्ता लागला पाहिजे. आय रकान्यात शून्य ७ निघाली, आणि दुबार नोंदींच्या जादा ओळी १२ निघाल्या, तर ७ आणि १२ मिळून १९, हिशोब बंद. राहिलेले सभासद ११४० वजा ८५१, म्हणजे २८९. वजाबाकी जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. कुठेतरी क्रमांक बिघडलेला आहे.

क्रमांक दिसतो एक, असतो दुसरा

क्रमांक बिघडतो तो बहुधा असा. एका यादीत १०५ हा खरा आकडा असतो, दुसरीत तोच मजकूर म्हणून बसलेला असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच. ओळखायची खूण: मुद्दाम बदललं नसेल तर आकडा घराच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या कडेला, एक्सेल मजकुरी आकड्याच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही दाखवतं. एक्सेलचं काउंटइफ इथे दयाळू आहे, दोन्ही सारखेच धरतं. पण पुढे येणारी मॅच, व्हीलुकअप, एक्सलुकअप ही मंडळी कडक. त्यांना १०५ चा मजकूर आणि १०५ चा आकडा एक वाटत नाहीत. एक्सेलमध्ये रकाना निवडून डेटा मेनूतलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि काहीही न बदलता फिनिश दाबा. मजकुरी आकडे खरे आकडे होतात.

क्रमांकाआधी किंवा नंतर चुकून पडलेली जागा ही दुसरी पीडा, विशेषतः व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून चिकटवलेल्या याद्यांत. =ट्रिम(एफ२) ती काढतं. वेबपानावरून आलेली न तुटणारी जागा मात्र ट्रिमला दाद देत नाही; तिला =सब्स्टिट्यूट(एफ२,कॅर(१६०),"") लागतं. कॅर म्हणजे सी एच ए आर.

मोठ्या क्रमांकांत खरा धोका आहे. एक्सेल कुठल्याही आकड्याचे पहिले पंधराच अंक नीट सांभाळतं. सोळा अंकी खातेक्रमांक आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि तो परत मिळत नाही. म्हणून टाकण्याआधीच त्या रकान्याचा प्रकार टेक्स्ट करा. आणि एवढं करूनही काउंटइफ अशा लांब क्रमांकांना मनातल्या मनात आकडा करून पाहतं, म्हणजे शेवटचाच अंक वेगळा असलेली दोन खाती त्याला एकच वाटतात. खातेक्रमांकांसाठी काउंटइफ नको, हे वापरा:

=इजनंबर(मॅच(ए२,$एफ$२:$एफ$८७१,०))

सापडलं तर ट्रू, नाही तर फॉल्स. शेवटचं शून्य म्हणजे "तंतोतंत तेच". ते विसरायचं नाही.

पुढची शून्यंही जातात. ००४५७ टाकलं की ४५७ उरतं. उपाय तोच, रकाना आधी टेक्स्ट. आणि क्रमांक देवनागरी आकड्यांत काही, इंग्रजीत काही अशी मिसळ कधीच करू नका.

फोनवर जुळवायचं असेल तर

सीमाभागात गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात: येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी. अशा ठिकाणी नोंदणीची एक यादी असते आणि जेवणाच्या कुपनांची दुसरी, सभासद क्रमांक वगैरे काही नसतो. तिथे फोन हाच आधार. पण एकाने अधिक एक्याण्णव लावलेलं असतं, दुसऱ्याने पुढे शून्य, तिसऱ्याने पाच आकड्यांनंतर जागा सोडलेली. दोन्ही याद्यांसाठी एकेक जादा रकाना करा आणि त्यात:

=राइट(सब्स्टिट्यूट(एच२," ",""),१०)

जागा काढून शेवटचे दहा आकडे उरतात. मग जुळवणी या नव्या रकान्यांवर. दोन्हीकडे हे सूत्र लावा. एकीकडेच लावलंत तर पुन्हा मजकूर विरुद्ध आकडा हा खेळ सुरू. एका घरात चौघांचा एकच फोन असतो हेही लक्षात ठेवा. काउंटइफचं उत्तर ४ आलं म्हणून कुणी चार कुपनं लाटली असं नसतं.

फक्त नावंच असतील तेव्हा

आधी बघा, यादी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आहे का. कन्नड याद्या अजून कधी कधी नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मिळतात. फाँट बदलला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मराठीतल्या जुन्या फाँटांचीही हीच तऱ्हा. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर जुळवायला काही उरतच नाही.

युनिकोडमध्येही एक गंमत आहे. कुऱ्हाडे हे आडनाव दोन जणांनी दोन कीबोर्डांवर टाइप केलं. एकाने ऱ वापरला, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारी जोडखूण. पडद्यावर तिळाइतकाही फरक नाही. =लेन(बी२) करून बघा: पहिल्याची लांबी ८, दुसऱ्याची ९. आत अक्षरंच वेगळी, मग नाव जुळेल याचा भरवसा कसा धरायचा? जादा रकान्यात दोन्ही नावं एका साच्यात आणा:

=सब्स्टिट्यूट(सब्स्टिट्यूट(बी२,"ऱ","र"),युनिकॅर(८२०५),"")

युनिकॅर म्हणजे यू एन आय सी एच ए आर, आणि ८२०५ हा त्या न दिसणाऱ्या जोडखुणेचा क्रमांक. हा रकाना फक्त जुळवणीपुरता. छापायला मूळ नावच घ्या, नाहीतर कुऱ्हाडे तुम्हाला कुर्हाडे म्हणून जाब विचारतील.

गावांच्या नावांसाठी मी एक तिसरी छोटी यादी ठेवतो. डावीकडे लोक जे जे लिहितात ते, उजवीकडे आपण धरायचं ते. बेळगावी समोर बेळगाव, यळ्ळूर समोर येळ्ळूर, येल्लूर समोरही येळ्ळूर. व्हीलुकअपने डावीकडचं शोधून उजवीकडचं आणायचं. सुरुवातीला ही यादी भरायला एक दुपार जाते, मग दरवर्षी दोन-चार नावांचीच भर पडते. माणसांच्या नावांसाठी असली यादी करायच्या फंदात पडू नका. जी जुळली नाहीत ती छापा आणि गावातल्या जाणत्या माणसाजवळ बसा. यल्लाप्पा कुणाचा, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

फोनही सोबत आणायचा असेल

कागद आले का एवढ्यावर न थांबता समोर फोनही हवा असेल तर:

=एक्सलुकअप(ए२,$एफ$२:$एफ$८७१,$एच$२:$एच$८७१,"राहिलं")

क्रमांक एफ मध्ये शोध, त्याच ओळीतलं एच मधलं आण, नसेल तर "राहिलं" लिही. हे एक्सेल २०२१ आणि ३६५ मध्ये, गूगल शीट्समध्ये, तसंच लिब्रे ऑफिसच्या २४.८ पासून पुढच्या आवृत्त्यांत आहे. संस्थेतला संगणक जुना असेल, आणि तो असतोच, तर:

=व्हीलुकअप(ए२,$एफ$२:$एच$८७१,३,फॉल्स)

शेवटचं फॉल्स गाळलंत तर हे सूत्र "जवळपासचं" उत्तर शोधायला लागतं आणि क्रमाने न लावलेल्या यादीत भलत्याच माणसाचा फोन बिनधास्त आणून ठेवतं. चुकीची खूणही दाखवत नाही. न सापडल्यावर एरर येणं यापेक्षा कितीतरी बरं.

राहिलेल्यांची वेगळी यादी

जुन्या एक्सेलमध्ये सोपा मार्ग: शीर्षकाच्या ओळीवर फिल्टर लावा (कंट्रोल, शिफ्ट आणि एल), डी रकान्यात फक्त ० निवडा, दिसतंय ते उचलून नव्या शीटमध्ये चिकटवा. नव्या आवृत्त्यांत एकाच घरात सूत्र टाकलं की अख्खी यादी खाली पसरते:

=फिल्टर(ए२:सी११४१,काउंटइफ(एफ२:एफ८७१,ए२:ए११४१)=०,"कुणी नाही")

शेवटच्या शून्याच्या तुलनेऐवजी "शून्याहून मोठं" लिहिलंत तर आलेल्यांची यादी मिळते. इथे डॉलर लागत नाहीत, कारण सूत्र उतरवायचंच नसतं. खाली आणि उजवीकडे घरं रिकामी हवीत. काही पडलेलं असेल तर एक्सेलमध्ये स्पिल नावाचा एरर येतो. गूगल शीट्समध्ये "कुणी नाही" हा तुकडा काढून टाका, तिथे त्या जागेवर दुसरी अट धरली जाते.

रंगाने दाखवणारा कंडिशनल फॉर्मॅटिंगचा दुबार शोधायचा पर्यायही लोक सुचवतात. पाहायला छान, पण एकाच यादीत दोनदा आलेला क्रमांकही तो रंगवतो आणि मग रंग कशाचा ते कळत नाही. मी तो वापरत नाही.

यादी बाहेर पाठवण्याआधी ती निवडून, कॉपी करून, पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा. नाहीतर समोरच्याने एखादा रकाना पुसला की सगळी उत्तरं कोसळतात. आधार आणि खात्याचे रकाने काढूनच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, आणि फलकावर तर फोनसुद्धा नको.

छापताना राहिलेल्यांची यादी गल्लीप्रमाणे लावा, म्हणजे त्या फिल्टरलाच सॉर्टच्या कंसात घाला: =सॉर्ट(फिल्टर(...),३,१). ३ म्हणजे तिसरा रकाना, १ म्हणजे चढता क्रम. घरोघर जाणारा शिपाई सभासद क्रमांकाच्या ओळीने फिरत नाही. तो मारुती गल्लीत शिरला की तिथली सगळी घरं एका फेरीत करतो. उजवीकडे एक रिकामा रकाना ठेवा, जरा रुंदच. "मुंबईला असतो", "पुढच्या रविवारी देतो", "मयत, वारस नोंद नाही" असं त्यात पेनाने लिहून येतं, आणि पुढच्या वर्षी रजिस्टर दुरुस्त करताना तेच आधी उघडावं लागतं.